गर्भाशयाचें अस्तर आणि वाट चुकलेल्या पेशी



वसईच्या वाडींत केळीचा घड उतरल्यावर खांब तोडतात. पण जमिनींतला कंद राखतात, कारण नवा कोंब त्यांतूनच फुटावयाचा असतो. गर्भाशयाच्या अस्तराची रचना कांहींशी अशीच आहे. त्याचा वरचा थर दर महिन्यास इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळें वाढतो, प्रोजेस्टेरोनमुळें गर्भधारणेस सिद्ध होतो, आणि गर्भ न राहिल्यास गळून रक्ताबरोबर बाहेर जातो. खालचा थर मात्र टिकतो आणि त्यांतील पेशींपासून नवें अस्तर तयार होतें.

गळलेल्या पेशींपैकीं कांहीं बीजवाहिन्यांतून मागें फिरून उदरपोकळींत पडतात. या विकाराचें मूळ येथें असावें, असें अमेरिकेंतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनीं १९२७ सालीं मांडलें. परंतु असें बहुतेक स्त्रियांत घडतें, आणि शरीरांतील रक्षक पेशी हा केर झाडून टाकतात. मग पाळीच्या वयांतील स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें १० जणींसच एंडोमेट्रिऑसिस कां व्हावा?

याचें कारण एक नाहीं. या स्त्रियांत रक्षक पेशींचें काम अपुरें पडतें. अस्तरासारख्या पेशी बीजकोशावर किंवा उदराच्या आवरणावर रुजतात, नव्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू जवळ ओढतात, आणि स्वतःच इस्ट्रोजेन निर्माण करूं लागतात. प्रोजेस्टेरोनचा लगाम त्या नीट मानीत नाहींत. तेथेंही रक्तस्राव होतो. पण त्या रक्तास बाहेर पडावयास वाट नसते. त्यामुळें दाह होतो, व्रण पडतात, आणि कधीं अवयव एकमेकांस चिकटतात. आनुवंशिकतेचाही यांत वाटा आहे. २०२३ सालच्या एका मोठ्या संशोधनांत जनुकसंचयांतील ४२ ठिकाणें या विकाराशीं निगडित आढळलीं. भारतीय स्त्रियांतील या विकाराचा अभ्यास आपल्या मुंबईंतच, परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेंत, चालला आहे.

हें सारें सांगण्याचें प्रयोजन घरगुती आहे. पाळींत मुलगी कळवळली कीं, “बाईच्या जातीला हें सोसावेंच लागतें,” असें आपण म्हणतों. आणि निदानास वर्षानुवर्षें उशीर होतो. हा विकार समूळ जात नसला, तरी औषधांनीं व दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें पुष्कळ आराम पडतो. ज्या वेदनेपायीं दर महिन्यास शाळा बुडते वा कामावर जाणें होत नाहीं, ती वेदना नाजूकपणा नव्हे. तिच्यामागें खऱ्याखुऱ्या पेशी असूं शकतात. तेव्हां मुलीस गप्प न बसवितां वैद्याकडे न्यावें, एवढीच विनंती.