भांड्यातील पाणी

भगवंतांच्या महापरिनिर्वाणास फार काळ लोटला नव्हता. आयुष्मान आनंद राजगृहात वेळुवनात राहात होते. राजा प्रद्योताच्या आक्रमणाचे भय वाटल्यामुळे अजातशत्रूने नगराची तटबंदी दुरुस्त करावयास घेतली होती. त्या कामाची पाहणी करीत फिरणारा मगधाचा महामात्य वस्सकार आनंदांना भेटला आणि राजकारणी मनुष्य जे विचारील तेच त्याने विचारले. आपल्यामागे संघाचा आधार म्हणून गौतमाने कोणा एका भिक्खूची नेमणूक केली आहे काय? आनंद म्हणाले, नाही. मग संघाने तरी कोणास निवडले आहे काय? तेही नाही. असे असता तुमच्यातील ऐक्य टिकते कशावर, असे त्याने विचारले. त्यावर आनंदांनी उत्तर दिले की आम्ही निराधार नाही, धम्म हा आमचा आधार आहे.

मज्झिम निकायातील गोपकमोग्गल्लान सुत्तात हा संवाद आहे. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तथागतांनी उत्तराधिकारी नेमण्यास नकार दिल्याचे आवर्जून सांगितले आहे, त्या विवेचनाशी हे सुत्त ताडून पाहण्यासारखे आहे. आमच्या वाचकांचे लक्ष मात्र आम्हास संवादाच्या उत्तरार्धाकडे वेधावयाचे आहे. वस्सकार पुन्हा विचारतो, तुम्ही ज्याचा आदर करता आणि ज्याच्या आश्रयाने राहता असा कोणी भिक्खू तरी आहे काय? आता आनंद होकार देतात. ज्याच्या ठायी दहा पसादनीय, म्हणजे विश्वास उत्पन्न करणारे, गुण आढळतात त्याचा आम्ही आदर करतो, असे ते सांगतात. या दहांत पहिले स्थान शीलाचे आहे. विद्वत्ता दुसरी येते. पालि भाषेचे अध्यापन करून उपजीविका करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा क्रम विसरू नये.

परंतु शील ओळखावे कसे? व्यासपीठावर तर सर्वच शीलवान दिसतात. याचे उत्तर पालि वाङ्मयात कोठे सापडते याचा शोध घेता आम्हास एक गमतीची गोष्ट आढळली. हे उत्तर वारंवार पाण्याच्या एखाद्या साध्या भांड्यापाशी येऊन थांबते.

यातील पहिले भांडे राहुलाचे. भगवंत सायंकाळी ध्यानातून उठून अम्बलट्ठिका येथे गेले. अट्ठकथेनुसार राहुल तेव्हा अवघ्या सात वर्षांचा श्रामणेर होता. त्याने आसन मांडले, पाय धुण्यास पाणी आणून ठेवले. भगवंतांनी पाय धुतले आणि भांड्यात थोडेसे पाणी शिल्लक ठेवून मुलास विचारले, हे थोडके पाणी दिसते ना? जाणूनबुजून खोटे बोलताना ज्यास लाज वाटत नाही, त्याचे श्रमणत्व एवढेच थोडे होय. मग ते पाणी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट त्या त्या रूपात सांगितली. मुलासमोर ना शास्त्रार्थ केला, ना नरकाचे भय घातले. त्याच्या हाताखालची, त्यानेच भरून आणलेली वस्तू घेऊन शिकविले. अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने याहून सरस पाठ आमच्या पाहण्यात नाही.

पुढे युद्धातील हत्तीचे उदाहरण येते. हत्ती रणात पायांनी, मस्तकाने, दातांनी, शेपटीनेसुद्धा लढतो, परंतु सोंड मात्र जपतो. तोवर त्याने प्राणाची आशा सोडलेली नाही, असे माहूत समजतो. ज्या दिवशी तो सोंडही वापरू लागतो, त्या दिवशी त्याने न करावे असे काही उरत नाही. जाणूनबुजून बोललेले असत्य ही मनुष्याची सोंड होय. येथील पालि शब्द ‘सम्पजानमुसावाद’ असा आहे. अनवधानाने चुकीचे बोलणे वेगळे आणि ‘सम्पजान’, म्हणजे पूर्ण जाणिवेने, बोलणे वेगळे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. ती म्हणताना हा भेद ध्यानी असावा.

सुत्ताचा उर्वरित भाग आरशाविषयी आहे. आरसा कशासाठी, असे भगवंत विचारतात. पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. येथे ‘पच्चवेक्खण’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ परत पाहणे, निरखून पाहणे. काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म तीन वेळा पाहावयाचे आहे: करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. यामुळे मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही पीडा होते काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा. काया-वाचेची चूक झालेली आढळली, तर ती शास्त्यासमोर किंवा सुज्ञ सहचाऱ्यांसमोर उघड करावयाची आणि पुढे संयम पाळावयाचा. मनाची चूक असेल तर तिची लाज बाळगावयाची. कर्म कुशल असल्याचे आढळले, तर त्याचा आनंद मानण्यासही भगवंत सांगतात, हे पुष्कळ व्याख्याते गाळतात.

हे सुत्त शिकविताना आमच्याकडून घडलेली एक गोष्ट येथे नमूद करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने वर्गात एका समासाचा अर्थ विचारला. आम्हास तो निश्चित ठाऊक नव्हता. तरीही, अट्ठकथेत असाच अर्थ दिला आहे, असे आम्ही ठामपणे सांगून मोकळे झालो. अट्ठकथा आम्ही उघडलेलीही नव्हती. रात्री ती पाहिली तेव्हा तेथे अर्थ निराळा निघाला. दुसऱ्या दिवशी वर्गात ही चूक सांगणे पाच मिनिटांचे काम होते. आम्हास त्यासाठी पंधरा दिवस लागले. अर्थ चुकणे ही अज्ञानाची बाब होती. न पाहिलेली अट्ठकथा पाहिली म्हणून सांगणे हा सम्पजानमुसावाद होता. पंधरा दिवस आम्ही वर्गात जात होतो, फळ्यावर रूपे लिहीत होतो आणि ते थोडके पाणी भांड्याच्या तळाशी आम्हास दिसत होते. अखेर सांगितले तेव्हा त्या मुलीने शांतपणे वही उघडली आणि अर्थ दुरुस्त केला. तिने आमचा चुकीचा अर्थ शाईने लिहून घेतला होता.

सम्राट अशोकाने बैराट येथील शिलालेखात भिक्खू-भिक्खुनींबरोबरच उपासक-उपासिकांनीही वारंवार ऐकावेत असे सात धम्मपर्याय नावानिशी सांगितले आहेत. असत्यासंबंधी राहुलास केलेला उपदेश हा त्यांपैकी एक होय. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा अधिपती प्रौढ प्रजाजनांस सात वर्षांच्या मुलाचा पाठ ऐकावयास सांगतो. तो शिलाखंड आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

दुसरे भांडे शौचकूपातील. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात ‘वत्तक्खन्धक’ नावाचे प्रकरण आहे. ‘वत्त’ म्हणजे नित्याचे कर्तव्य. पाहुणा भिक्खू आला असता काय करावे, भोजनशाळेत कसे बसावे, शौचकूप वापरून बाहेर पडताना काय पाहावे, येथवर त्यात तपशील आहे. स्वच्छतेच्या भांड्यात वापरलेले पाणी शिल्लक ठेवू नये, मडक्यातील पाणी संपले असल्यास भरून ठेवावे, असे तेथे सांगितले आहे. पूर्वी भिक्खू शौचकूपात ज्येष्ठतेच्या क्रमाने जात. आधी आलेले नवीन भिक्खू खोळंबून राहात आणि वेग आवरून धरल्यामुळे मूर्च्छित होऊन पडत. हे कळल्यावर भगवंतांनी नियम केला की येथे ज्येष्ठता चालणार नाही, जो आधी येईल तो आधी जाईल. ज्येष्ठास वंदन करावे, उठून मान द्यावा, हे सर्व विनयात आहेच. परंतु देहधर्माच्या ठिकाणी पद चालत नाही. आमच्या सभा-संमेलनांतील भोजनाच्या रांगा पाहताना हा नियम पुष्कळदा आठवतो.

या क्षुल्लक वाटणाऱ्या वत्ताकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे कोसंबीने दाखविले. महावग्गाच्या दहाव्या खंधकात तेथील संघभेदाची हकीकत आहे आणि मूळ कारणाचा तपशील धम्मपद-अट्ठकथा पुरविते. कोसंबीच्या घोसिताराम विहारात एक विनयधर आणि एक धम्मकथिक असे दोन आचार्य राहात. दोघांचेही पाचपाचशे शिष्य होते. एके दिवशी धम्मकथिक शौचकूपातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवून बाहेर आला. मागाहून गेलेल्या विनयधराने ते पाहिले आणि हा दोष आहे, असे सांगितले. मला ठाऊक नव्हते, दोष असल्यास त्याची कबुली देतो, असे धम्मकथिक म्हणाला. हेतू नव्हता तर दोष नाही, असे विनयधराने म्हटले आणि प्रकरण मिटले. मिटले असते, असे म्हटले पाहिजे. कारण विनयधराने पुढे आपल्या शिष्यांजवळ गोष्ट काढली की या धम्मकथिकास दोष घडला तरी कळत नाही. हे शिष्यांनी त्या शिष्यांना ऐकविले, त्यांनी आपल्या आचार्यांना सांगितले, आणि काल जो दोष नव्हता तो आज दोष कसा झाला, हा विनयधर खोटारडा आहे, असे उलट उत्तर आले. संधी साधून विनयधराने धम्मकथिकाचे उत्क्षेपण केले, म्हणजे संघाच्या व्यवहारातून त्यास दूर केले, आणि संघ दुभंगला.

ओंजळभर पाण्यावरून एवढे वितुष्ट आले, हे अतिशयोक्तीचे वाटेल. आम्हास वाटत नाही. एका वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने आम्ही एका वस्तीतील विहारात गेलो असता दाराला दोन कुलुपे दिसली. विचारपूस करता कळले की कार्यक्रमानंतर सतरंज्या कोणी उचलावयाच्या यावरून दोन कार्यकर्त्यांत बोलाचाली झाली होती. तेथून गोष्ट हिशेबाच्या वहीवर गेली, वहीवरून निवडणुकीवर, आणि अखेर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज झाला. दोन्ही गटांची माणसे आम्हास भेटली. दोन्हीकडची माणसे वाईट नव्हती. दोघांनीही आम्हास चहा दिला आणि दोघांनीही दुसऱ्याची कागदपत्रे दाखविली. सतरंज्या त्या सुमारास कोण उचलीत होते, हे मात्र कोणास सांगता आले नाही. पुढे एका मुलाकडून समजले की शेजारची एक वृद्ध उपासिका पहाटे येऊन झाडलोट करी आणि माठ भरून ठेवी. दोन्ही गटांनी तिला आपापली किल्ली दिली होती.

कोसंबीत भगवंतांनी समजावून पाहिले. धम्मस्वामींनी स्वस्थ राहावे, या भांडणाचे आमचे आम्ही पाहू, असे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हा आपले आसन आवरून, पात्र-चीवर घेऊन ते एकटेच निघाले. वाटेत बालकलोणकार गावी भगुस भेटून ते प्राचीनवंसदाय नावाच्या वनात गेले. तेथे अनुरुद्ध, नन्दिय आणि किम्बिल असे तिघे राहात होते. वनरक्षकाने भगवंतांना न ओळखता अडविलेसुद्धा. अनुरुद्धाने धावत येऊन, हे आमचे शास्ते आहेत, असे सांगितले. तुम्ही दूध-पाण्यासारखे मिळून-मिसळून राहता ना, असे भगवंतांनी विचारले, आणि कसे राहता, हेही विचारले.

अनुरुद्धाचे उत्तर म्हणजे दिनचर्येची जंत्री होय. भिक्षेहून जो प्रथम परततो तो आसने मांडतो, पिण्याचे व धुण्याचे पाणी ठेवतो, खरकट्याचे भांडे मांडतो. जो शेवटी येतो तो सर्व आवरतो आणि भोजनाची जागा झाडतो. पिण्याच्या, धुण्याच्या किंवा शौचाच्या पाण्याचे मडके ज्याला रिकामे दिसेल तो भरतो. एकट्याला उचलत नसेल तर हाताने खूण करून दुसऱ्यास बोलावतो आणि दोघे मिळून ते जागेवर ठेवतात. पण त्यासाठी मौन मोडीत नाहीत. दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चेसाठी बसतात. तिघांचेही सांगणे एकच होते की मी माझे मन बाजूला ठेवून या आयुष्मानांच्या मनाप्रमाणे वागतो.

जे शौचकूपाचे पाणी कोसंबीत कलहाचे कारण झाले, तेच येथे ऐक्याच्या वर्णनात आले आहे. अनुरुद्धाच्या व्यवस्थेत पाळी लावलेली नाही. ज्याला दिसेल त्याने भरावे, असे आहे. पाळी लावली की आज माझी पाळी नाही असे म्हणता येते. दिसण्यावर ठेवले की डोळे मिटून घेण्यावाचून सबब उरत नाही. तीन माणसांत हे साधले, तीनशे माणसांत ते जसेच्या तसे चालेल असे आम्ही म्हणत नाही. संघ वाढला तेव्हा विनयानेही शयनासनाची वाटणी करणारा, भांडारगृह सांभाळणारा असे अधिकारी नेमण्याची सोय केली. परंतु त्यांचीही योग्यता सांगताना विनय प्रथम असे म्हणतो की तो पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वागणारा नसावा. कामाची माहिती असणे त्यानंतर येते.

इकडे कोसंबीच्या उपासकांनी आपसात ठरविले की या भिक्खूंमुळे भगवंत निघून गेले, तेव्हा यांना वंदन करावयाचे नाही, उठून मान द्यावयाचा नाही, भिक्षाही वाढावयाची नाही. भिक्खू ताळ्यावर आले आणि श्रावस्तीस निघाले. ते येत आहेत असे कळताच, त्यांच्याशी कसे वागावे हे विचारण्यास अनाथपिण्डिक आणि विशाखा भगवंतांकडे गेले. दोन्ही पक्षांना दान द्या, दोन्हीकडचे ऐका आणि जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मत स्वीकारा, असे भगवंतांनी सांगितले. सारिपुत्ताने राहण्याच्या सोयीविषयी विचारले. वेगळी जागा द्यावी, नसेल तर रिकामी करून द्यावी, अन्न मात्र सर्वांस सारखे वाटावे, असे उत्तर मिळाले.

श्रावस्तीस आल्यावर त्या उत्क्षिप्त भिक्खूने धम्म व विनय यांवर आपले वर्तन ताडून पाहिले. पाहता पाहता त्याच्या ध्यानात आले की दोष घडला होता. तो आपल्या पक्षाच्या भिक्खूंकडे गेला आणि मला संघात परत घ्या, असे त्याने स्वतः सांगितले.