एका अंड्याचे चार वारस

१९०१-०२ चा हिवाळा. इटलीतील नेपल्सच्या किनाऱ्यावरची प्राणिशास्त्र संस्था. जर्मनीच्या वुर्झबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक थिओडोर बोव्हेरी तिथे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. सोबत पत्नी मार्सेला, त्याही जीवशास्त्रज्ञ. काचपात्रात समुद्राचं पाणी आणि सी-अर्चिन या काटेरी, चेंडूसारख्या प्राण्याची अंडी. त्यांत बोव्हेरींनी मुद्दाम गरजेपेक्षा कितीतरी जास्त शुक्राणू सोडले होते. काही अंड्यांत तरी एकाऐवजी दोन शुक्राणू शिरायला हवे होते.

एरवी अंड्यात एकच शुक्राणू शिरतो. त्याच्याबरोबर आलेल्या तारककायाची दोन होतात आणि ती पेशीच्या दोन टोकांना जातात. दोन्हीकडून धागे निघतात आणि प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत इकडे, एक तिकडे ओढली जाते. वाटणी चोख होते. या तारककायाला ‘सेंट्रोसोम’ हे नाव बोव्हेरींनीच दिलेलं.

दोन शुक्राणू शिरले की तारककायं चार होतात. आता वारसदार चार, पण प्रत्येक गुणसूत्राच्या प्रती दोनच! ज्याचा धागा आधी पोहोचेल, त्याच्या पदरात ते गुणसूत्र. बोव्हेरींच्या डोळ्यांसमोर अंडं एका दमात चार पेशींत विभागलं जात होतं, आणि चौघींच्या वाट्याला वेगवेगळा ऐवज येत होता.

अशी अंडी जगत नाहीत, हे ठाऊक होतं. का जगत नाहीत, हे कळायचं होतं. बोव्हेरींनी त्या चार पेशी एकमेकींपासून सुट्या करून वाढवल्या. निरोगी अंड्याच्या पहिल्या चार पेशी अशा सुट्या केल्या, तर प्रत्येकीपासून लहानशी पण पूर्ण अळी तयार होते. इथे मात्र चौघींच्या चार तऱ्हा झाल्या. कुणी लवकर मेली, कुणी थोडी वाढून थांबली, कुणी वेडीवाकडी वाढली.

मग त्यांनी अंडी हलवून काहींत चारऐवजी तीनच टोकं घडवली. वारसदार कमी झाले, तर पूर्ण संच मिळण्याची शक्यता वाढायला हवी. झालंही तसंच. या अंड्यांतून निरोगी अळ्या जास्त निघाल्या.

निष्कर्ष लख्ख होता. प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं आहे, आणि पेशीला पूर्ण संच लागतो.

पण बोव्हेरींच्या मनात दुसरा प्रश्न उभा राहिला. चुकीचा वाटा मिळालेली एखादी पेशी मेलीच नाही, उलट तिचा विभाजनावरचा लगामच सुटला तर? हान्सेमान या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८९० मध्येच कर्करोगाच्या गाठींत अशी विषम विभाजनं पाहिली होती. दोन टोकं जुळत होती.

कर्करोग हा बोव्हेरींचा विषय नव्हता, हाती थेट पुरावाही नव्हता. तरी १९१४ मध्ये त्यांनी एक छोटं पुस्तक लिहून आपलं म्हणणं मांडलं. गाठ एकाच बिघडलेल्या पेशीपासून सुरू होते. काही गुणसूत्रं विभाजनाला चालना देतात, काही त्याला आवर घालतात. हा तोल गेला की पेशी बेबंद वाढते. स्वागत थंड झालं. पुढच्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी बोव्हेरी गेले. मार्सेला मायदेशी, अमेरिकेला परतल्या आणि १९२९ मध्ये त्यांनी ते पुस्तक इंग्रजीत आणलं.

पुरावा मिळायला आणखी बराच काळ जावा लागला. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६ असतात, हेच मुळी १९५६ मध्ये नक्की झालं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरच्या पेशींत नेहमी एकच गुणसूत्र आखूड दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी त्याचं कारण दाखवलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली होती. त्या अदलाबदलीतून जन्मलेल्या प्रथिनाला रोखणारी इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये रुग्णांच्या हाती आली.

गुणसूत्रांची चुकलेली वाटणी हे कर्करोगाचं एकमेव कारण नाही, हे आज आपण जाणतो. पण बहुतेक गाठींमधल्या पेशींत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेलाच सापडतो. बोव्हेरींनी तो चुकलेला हिशेब वाचला, तो सी-अर्चिनच्या अंड्यात.