लॅन कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

पावसाळ्यात विजांचा कडकडाट झाला, की लॅन पोर्ट उडालेले डेस्कटॉप दुरुस्तीला येऊ लागतात. बाकी मशीन ठणठणीत, फक्त नेट नाही. त्यासाठी मदरबोर्ड बदलायची गरज नसते. बहुतेक वेळा वेगळं लॅन कार्ड टाकलं की भागतं. पण कार्ड आणण्याआधी मी कॅबिनेटची बाजू उघडतो.

आधी स्लॉट बघायचा. जुन्या मशीनमध्ये लांब, पांढरा पीसीआय स्लॉट असतो. त्याच्या शेजारचा इवलासा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस एक्स-वनचा. दोन्हींची कार्डं वेगळी, एकमेकांत बसत नाहीत. एक्स-वनचं कार्ड मात्र लांब एक्स-सिक्स्टीन स्लॉटमध्येही चालतं. एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीत एका लेनमधून एका दिशेला सेकंदाला 250 मेगाबाइट जातात. गिगाबिटला 125 पुरे, म्हणजे जुना स्लॉटही चालतो. 2.5 गिगाबिटला मात्र 312 च्या वर लागतात. मग पहिल्या पिढीच्या बोर्डावर त्या महागड्या कार्डाचे पैसे का घालवायचे?

नंतर कार्ड कॅबिनेटला अडकवणारी पट्टी. ऑफिसांतून निघालेल्या स्लिम कॅबिनेटमध्ये जेमतेम आठ सेंटिमीटरची आखूड पट्टीच बसते, नेहमीची बारा सेंटिमीटरची असते. खोक्यात दोन्ही आहेत का, हे दुकानातच खोकं उघडून बघावं.

सगळ्यात महत्त्वाची चिप. कंपनीचं नाव खोक्यावर काहीही असो, काम चिप करते. कार्ड उजेडात तिरकं धरलं की काळ्या चौकोनावर बारीक खेकडा दिसतो. ती रिअलटेकची खूण. खाली 8111 असा क्रमांक असेल तर मी निश्चिंत असतो, कारण विंडोज आणि लिनक्स दोन्ही तिला सहसा आपणहून ओळखतात. 8125 ही 2.5 गिगाबिटची चिप; जुन्या विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. नेटच नाही तर ड्रायव्हर उतरवणार कुठून? तो आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा.

कार्ड बसवलं, की झाकण लावण्याआधी वेग बघायचा. 1 गिगाबिटऐवजी 100 मेगाबिट दिसले तर कार्ड परत करायला धावू नये. 100 ला केबलमधल्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार क्रिंप करताना नीट बसली नसेल, तर आधी कनेक्टर कापून नवा लावावा.