बाप्तिस्मा केव्हा?

कळमन्याचा संत्रा बाजार ठाऊक नसलेला नागपूरकर विरळा. सदरमधल्या ऑल सेंट्स कथीड्रलची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्मली. बोलणी १९२९ पासून चालली होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले.

पहिली अडचण बिशपांची. अँग्लिकनांना बिशपपरंपरा सोडवेना; इतरांना आपली दीक्षा अपुरी ठरलेली खपेना. तेव्हा सर्वांनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करायची, असे ठरले. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्यापुरता लावला. माझ्या मते त्या विधीची खुबी हीच.

बाप्तिस्म्याचे कोडे अधिक घरगुती होते. अँग्लिकन घरात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्टांच्या मते मात्र स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील, त्यालाच तो द्यावा. नव्या मंडळीने दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या: एका घरी बाळाचा बाप्तिस्मा आणि पुढे दृढीकरण, दुसऱ्या घरी बाळासाठी आशीर्वादाची प्रार्थना, बाप्तिस्मा मोठेपणी.

पण लहानपणी बाप्तिस्मा झालेला तरुण तो पुन्हा मागू लागला तर? दिला, तर आईबापांनी केलेला पहिला संस्कार खोटा ठरतो. नाकारला, तर हा तरुण नदीत बुडवून बाप्तिस्मा देणारी एखादी पेंटेकोस्टल मंडळी गाठतो, आणि रविवारी आईशेजारची त्याची जागा रिकामी राहते.