शेवटचे एक मिनिट

‘दोहा’ म्हटले की आपल्याला कबीर आठवतो. जपानी माणसाला मात्र हा शब्द ऐकून अजूनही पोटात कालवल्यासारखे होते. दोहा ही कतारची राजधानी. आणि २८ ऑक्टोबर १९९३ रोजी तिथल्या मैदानावर जे घडले त्याला जपानी भाषेत सरळसरळ ‘दोह्याची शोकांतिका’ असेच नाव पडले आहे. काय झाले होते? तर फुटबॉलचा एक सामना बरोबरीत सुटला होता. इतकेच! पण त्या दिवशी जपानच्या बाजूने खेळणाऱ्या एका गड्याची कथा मला आज वाचकांना सांगायची आहे. कारण त्या सामन्यातल्या शेवटच्या मिनिटाने पुढे तीस वर्षे त्याची पाठ सोडली नाही.

हाजिमे मोरियासू हे त्यांचे नाव. जपानी लिपीत ‘हाजिमे’ एका आडव्या रेघेने लिहितात. त्या रेघेचा अर्थ ‘एक’. आडनावाची दोन चिन्हे आणि शेवटी ही रेघ, अशी तीन चिन्हे ओळीने आली की आडनाव कुठे संपले आणि नाव कुठे सुरू झाले याचा जपान्यांनाही उलगडा होईना. १९९२ साली राष्ट्रीय संघात त्यांची निवड झाली तेव्हा हा ‘मोरी’ नावाचा नवा गडी कोण, असे पुष्कळांना वाटले. ‘पोइची’ हे त्यांचे टोपणनाव असल्याच चुकीच्या वाचनातून जन्मले आणि कायमचे चिकटले.

जन्म १९६८ चा. बालपण गेले नागासाकीत, आणि उमेदीची वर्षे हिरोशिमात. ही दोन नावे एकापाठोपाठ उच्चारली की काय आठवते ते सांगायला नको. मोटारी बनविणाऱ्या माझ्दा कंपनीच्या संघात ते १९८७ साली दाखल झाले. तिथे हान्स ऊफ्ट या डच प्रशिक्षकाची नजर त्यांच्यावर गेली, आणि पुढे ऊफ्टच राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी या अप्रसिद्ध तरुणाला बोलावून घेतले. मोरियासूंची जागा मैदानाच्या मध्यावर, बचावफळीच्या किंचित पुढे. या जागेला जपानी लोक ‘बोरांची’ म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज ‘व्होलांते’, म्हणजे मोटारीचे चाक, चालकाच्या हातातले. मराठी शिकविणाऱ्याला असले शब्द भेटले की पुढे जाववत नाही! मोटारीच्या कंपनीतला हा गडी संघाचे चाक धरून बसला होता, पण चाक धरणाऱ्याकडे लोक बघत नाहीत. ३५ आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्यांच्या नावावर गोल अवघा एक.

त्या काळी जपानला विश्वचषकाचे दर्शनही झाले नव्हते. जाणकारांना स्मरत असेल, १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने जपानला २-० असे हरविले होते आणि सुवर्णपदकही आणले होते. पुढे जपानने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळविले, आणि आपण... असो. १९९३ साली जपानात व्यावसायिक लीग सुरू झाली आणि साऱ्या देशाला फुटबॉलचे वेड लागले. त्याच वर्षी दोह्यात आशियातले सहा संघ जमले. विश्वचषकाच्या जागा दोन. शेवटच्या सामन्याआधी जपान गुणतक्त्यात सर्वांच्या वर होता. इराकला हरविले की काम फत्ते.

नव्वद मिनिटे होत आली तेव्हा जपान २-१ ने पुढे होता. इराकला कॉर्नर मिळाला. चेंडू थेट गोलपुढे येणार असे वाटत असतानाच इराक्यांनी तो जवळच्याच गड्याकडे सरकविला. तिथून तो उंच आला, आणि ओमरानने डोक्याने हलकेच जाळ्यात लोटला. २-२! काही क्षणांत शिटी वाजली. जपानचे गडी जागच्या जागी बसले; उठविले तरी उठेनात. दक्षिण कोरियाचे गुण जपानइतकेच झाले, पण गोलांच्या फरकावर जागा गेली कोरियाला. मोरियासू तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

२००३ साली त्यांनी खेळणे सोडले. २०१२ साली ते आपल्याच जुन्या क्लबाचे, सानफ्रेचे हिरोशिमाचे, प्रशिक्षक झाले. ‘सान’ म्हणजे जपानीत तीन, ‘फ्रेचे’ म्हणजे इटालियनमध्ये बाण. मोरी मोतोनारी या सोळाव्या शतकातल्या सरदाराने आपल्या तीन मुलांना सांगितले म्हणे, की एक बाण मोडतो, तीन एकत्र धरले तर मोडत नाहीत. आपल्याकडच्या मोळीच्या गोष्टीचा हा सख्खा भाऊच! या क्लबाला व्यावसायिक लीगचे अजिंक्यपद कधी मिळाले नव्हते. मोरियासूंनी ते पहिल्याच वर्षी मिळवून दिले, आणि पुन्हा २०१३ व २०१५ साली. २०१७ साली संघ तळाला गेला तेव्हा त्यांनी पद सोडले.

२०१८ च्या विश्वचषकात ते राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक होते. रोस्तोव्हला बेल्जियमविरुद्ध जपान २-० ने पुढे गेला, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी गोल खाऊन २-३ हरला. पुन्हा तेच शेवटचे मिनिट! त्यानंतर संघ मोरियासूंच्या हाती आला. २०२१ साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आधी ओमान आणि मग सौदी अरेबिया यांनी जपानला हरविले, तेव्हा त्यांना काढून टाका म्हणून ओरड सुरू झाली. पुढचा सामना ऑस्ट्रेलियाशी. राष्ट्रगीत चालू असताना मोरियासूंच्या डोळ्यांत पाणी आले. जपान जिंकला आणि त्यांची जागा वाचली.

विश्वचषक भरणार होता, योगायोग पाहा, कतारातच. २३ नोव्हेंबर २०२२. दोह्याच्या वेशीवरच्या खलिफा मैदानावर जर्मनीने पूर्वार्धात जपानला चेंडूला हात म्हणून लावू दिला नाही, आणि हात कसला, पायही! मध्यंतरात मोरियासूंनी मांडणी बदलली: मागे तीन रक्षक, आणि मग एकामागून एक ताजे आक्रमक मैदानात. दोआन आणि आसानो या दोन बदली गड्यांनी गोल केले. दोघेही पोटापाण्याला जर्मन क्लबांतच. सामना २-१. चार दिवसांनी हाच संघ कोस्टा रिकाकडून हरला आणि टीकाकारांना पुन्हा कंठ फुटला. मग १ डिसेंबरला त्याच खलिफा मैदानावर स्पेन. मितोमाने जो चेंडू रेषेवरून परतविला तो दोन मिलिमीटरभरही आत नसेल, पण होता आत! जपान २-१ ने पुढे.

पंचांनी सात मिनिटे जादा दिली. सुमारे एक मिनिट उरले असताना आपल्याला १९९३ आठवले, असे मोरियासूंनी नंतर सांगितले. पण पाहतात तो पोरे मागे सरत नव्हती, पुढे धावून चेंडू हिसकावीत होती. काळ बदलला, असे त्यांना वाटले.

क्रोएशियाशी १-१ अशी बरोबरी होऊन पेनल्टीची वेळ आली तेव्हा मोरियासूंनी कोण मारणार हे ठरविले नाही. गड्यांनी आपणहून पुढे यावे, असे म्हटले. माझ्या मते इथे ते चुकले. वर्गात ‘कोण उत्तर देणार?’ असे विचारले की उत्तर येणारा पोरगाच उठतो असे नाही, हे कुठलाही मास्तर सांगेल. चारांपैकी तीन पेनल्ट्या गोलरक्षकाने अडविल्या. सामना संपल्यावर प्रेक्षकांसमोर उभे राहून मोरियासू कमरेत वाकले, आणि कितीतरी वेळ तसेच राहिले. त्यांचे ते छायाचित्र जगभर छापले गेले.

त्यांना पदावर ठेवण्यात आले. २०२४ च्या आशिया चषकात, पुन्हा दोह्याच्या वेशीवरच, इराणने जादा वेळेतल्या पेनल्टीवर त्यांना घरी पाठविले. मार्च २०२५ मध्ये मात्र यजमान देश सोडले तर २०२६ च्या विश्वचषकात जागा मिळविणारा पहिला संघ जपानच ठरला. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये टोकियोत, मध्यंतराला ०-२ ने मागे असताना, त्यांच्या संघाने ब्राझीलला ३-२ ने हरविले. ब्राझीलला हरविण्याची जपानची ही पहिलीच वेळ. तिसरा गोल झाला तेव्हा खेळाची जवळजवळ वीस मिनिटे बाकी होती, आणि ती सगळी त्यांनी निभावून नेली.