मोटारीच्या मीटरातील अंक : पाव शतकाचा मागोवा

मोटार किती किलोमीटर चालली याची नोंद ठेवणारे यंत्र गेल्या पाव शतकात आपल्या डोळ्यांदेखत पालटले, आणि त्याबरोबर त्यातील बिघाड शोधण्याची रीतही पालटली. परंतु या दुसऱ्या पालटाची दखल गाडीमालकांनी तर नाहीच, पुष्कळ गॅरेजांनीही वेळीच घेतली नाही, आणि त्यामुळे जी मीटरे सहज दुरुस्त झाली असती ती भंगारात गेली.

एके काळी कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे त्यांना गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत गेलेली मीटरची केबल चांगलीच परिचित असेल. तिच्या फिरण्याने मीटरातील लोहचुंबक फिरून काट्याला ओढी, आणि सूक्ष्म दंतचक्रांची मालिका अंकांची चाके एकेक घर पुढे सरकवी. केबल तुटली की काटा व अंक दोन्ही थांबत; काटा हलतो पण अंक थिजलेले, असे दिसले तर दाते झिजले आहेत, हे अनुभवी मेकॅनिकला मीटर उघडण्यापूर्वीच कळे.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात छोट्या गाड्यांतूनही ही केबल क्रमाक्रमाने नाहीशी झाली. तिच्या जागी पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्सवर सेन्सर आला, जो चाकांच्या गतीनुसार विजेची स्पंदने पाठवतो. मीटरातील चिप ती मोजते आणि बॅटरी काढली तरी शाबूत राहणाऱ्या मेमरीत एकूण बेरीज लिहून ठेवते. या मेमरीच्या एकेका कप्प्यात लिहिण्यालाही मर्यादा असते, बहुधा एक लाखापासून दहा लाख वेळांपर्यंत. म्हणून विचारी रचनाकार ही नोंद आळीपाळीने निरनिराळ्या कप्प्यांत करवतात. अशा रीतीने दृश्य अंक, मोजणी, स्मृती आणि सेन्सर हे चार स्वतंत्र विभाग झाले, आणि यांपैकी कोणताही एक बिघडला तरी मालकाच्या तोंडी तक्रार एकच, ‘मीटर बंद पडले’.

आमच्या घरच्या, त्याच दशकातील गाडीच्या मीटरावरचे अंक एका उन्हाळ्यात दुपारी नाहीसे होऊ लागले व संध्याकाळी आपोआप परत येऊ लागले. गॅरेजात सल्ला मिळाला तो सबंध मीटर बदलण्याचा. सुदैवाने शेजारच्या गल्लीतील एका वयोवृद्ध वायरमनने मीटरास हात लावण्यापूर्वी जी विचारपूस केली, ती माझ्या मते या विद्येचा गाभाच होय. वेगाचा काटा चालतो काय? ट्रिपचे किलोमीटर वाढतात काय? अंक अर्धवट तुटतात की सगळेच जातात? अंक गेले असता काचेवर तिरपा टॉर्च धरल्यास ते अंधुक तरी दिसतात काय?

यांतील प्रत्येक प्रश्न एकेका विभागास निर्दोष ठरवीत जातो. काटा व अंक दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज पाहावा आणि मग सेन्सरचा कपलर, जो कोकणात व मुंबईत पावसाळी दमटपणाने हमखास गंजतो. तो साफ करूनही भागले नाही तर पुढचे एक चाक जॅकवर उचलून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक हाताने फिरवावे आणि सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर व्होल्टेज चढउतार करते की नाही हे मल्टिमीटरने पाहावे. ट्रिप वाढते पण एकूण बेरीज जागची हलत नाही, तर संशय मेमरीवर घ्यावा. टॉर्चच्या उजेडात अंक दिसले तर गेला आहे तो केवळ मागचा दिवा. अंकांच्या काही रेघाच गळत असतील तर काचेला जोडलेली बारीक पट्टी सुटली असण्याचा संभव मोठा.

आमच्या गाडीत काटा चालत होता, सगळे अंक एकदम जात होते आणि डॅशबोर्डवर हलकेच थाप मारताच परत येत होते. मीटर उघडून भिंग लावल्यावर कपलरच्या पिनांभोवतीच्या डाखाला केसासारख्या गोल भेगा पडलेल्या दिसल्या. उन्हात तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या डॅशबोर्डमागे पीन व डाख निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि वर्षानुवर्षांच्या त्या ओढाताणीत सांधा निकामी होतो. जुना डाख काढून नवा लावताच अंक स्थिर झाले, आणि गाडीची खरी बेरीजही शाबूत राहिली.

या शेवटच्या गोष्टीचे मोल मला दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक वाटते. दुसऱ्या गाडीतून काढलेले मीटर बसवले की बहुधा त्या गाडीचे किलोमीटर या गाडीच्या नावे रुजू होतात. नवे मीटर शून्यापासून मोजू लागते. आणि योग्य उपकरण हाती असलेल्यास मेमरीतील आकडा मागे नेणे कठीण नसल्यामुळे जुन्या गाड्यांच्या बाजारात या अंकांवरचा विश्वास ढळला आहे. आकडा खोटा ठरला की टायमिंग बेल्ट केव्हा बदलावा येथपासून गाडीची किंमत काय येथपर्यंतचे सगळे हिशेब खोटे ठरतात.

तेव्हा मीटर दुरुस्तीस देताना त्यावरील आकडा दिसत असेल तर त्याचे छायाचित्र घ्यावे, दिसत नसेल तर मागील सर्व्हिसच्या बिलावरून तो काढावा. आणि मीटर बदलणे अपरिहार्यच झाले तर जुना आकडा, नवा आकडा व तारीख गॅरेजच्या बिलावर लिहून घेऊन ते बिल गाडीच्या कागदपत्रांत कायम ठेवावे, ही प्रत्येक गाडीमालकास आग्रहाची विनंती आहे.