स्पिटफायर रंगवताना

प्लास्टिकचं मॉडेल रंगवायला घेतलं की बहुतेक जण आधी कंपनी ठरवतात आणि खोक्यावरच्या चित्राशी जुळणारा रंग आणतात. माझ्या मते सुरुवात सालापासून व्हावी. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश स्पिटफायर घ्या.

युद्धाच्या आरंभी या विमानाच्या पाठीवर डार्क अर्थ हा मातकट तपकिरी आणि डार्क ग्रीन असे पट्टे होते. पोट अर्धं काळं, अर्धं पांढरं असे, म्हणजे जमिनीवरच्या तोफखान्याला आपलं विमान ओळखू येई. जून १९४० मध्ये पोटाला स्काय ही फिकट हिरवट छटा देण्याचा हुकूम निघाला, पण पुरेसा रंग तळांवर पोहोचला नव्हता. त्यामुळे त्या उन्हाळ्यात जवळपासच्या निळसर-हिरवट छटाही वापरल्या गेल्या. पुढे लढाई इंग्लिश खाडीपलीकडे सरकली आणि ऑगस्ट १९४१ मध्ये तपकिरीच्या जागी ओशन ग्रे, तर पोटावर मीडियम सी ग्रे आला. नवा करडा मिळेपर्यंत तळांवर सात भाग मीडियम सी ग्रे आणि एक भाग काळा असं मिश्रण करत. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपानी विमानांशी गल्लत होऊ नये म्हणून वर्तुळाकार खुणेतला लालही काढून टाकला होता. तिथे भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रननेही स्पिटफायर उडवलं.

म्हणजे 'अगदी अचूक छटा' या वादाला मर्यादा आहेत. शिवाय १:७२ प्रमाणातल्या विमानावर मूळ डार्क ग्रीन जवळजवळ काळा दिसतो. त्यात थोडी फिकट छटा मिसळली तर तो नजरेला अधिक खरा वाटतो.

साल ठरलं की रंग कशात विरघळतो ते पाहावं. हल शहरात १९१९ साली सुरू झालेल्या हंब्रॉलच्या छोट्या डब्यांतलं इनॅमल ब्रशने सुरेख पसरतं, पण सावकाश वाळतं. त्यात २९ क्रमांक डार्क अर्थचा आणि ३० डार्क ग्रीनचा. जपानच्या तामियाचं ॲक्रिलिक एअरब्रशमधून उत्तम बसतं. ब्रशने दुसरा हात मारताना मात्र त्यातला अल्कोहोल खालचा थर उचकटतो. १९४१ नंतरच्या विमानासाठी तामियाचे एक्सएफ-८१, ८२ आणि ८३ हे तीन रंग सरळ उपयोगी पडतात. स्पेनच्या वालेहोचा पाण्यातला रंग ब्रशला सोपा आणि कमी वासाचा, पण प्रायमर नसेल तर नखानेही निघतो. लॅकरची पकड सर्वांत घट्ट. मात्र वाफा तीव्र असल्याने मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

थरांचा क्रमही महत्त्वाचा. ॲक्रिलिकवर चकचकीत वार्निश द्यावं आणि त्यावर डेकल, म्हणजे खुणांची चिकटचित्रं, लावावीत, कारण खडबडीत मॅट पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. मग पुन्हा त्याच वार्निशचा एक पातळ हात मारून, तो पूर्ण वाळल्यावर पॅनेलच्या रेषांत इनॅमलचा पातळ वॉश सोडावा. जास्तीचा वॉश टर्पेंटाइनने पुसला तरी खालचं ॲक्रिलिक हलत नाही. शेवटी मॅट वार्निश.

आपल्याकडे दोन गोष्टी विशेष सांभाळायच्या. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरिन, विरघळवतं. कोणतंही नवं थिनर आधी स्प्रूच्या, म्हणजे सुटे भाग धरणाऱ्या प्लास्टिकच्या चौकटीच्या, तुकड्यावर थेंबभर टाकून पाहावं. प्लास्टिक मऊ पडून बोटाला चिकटलं तर ते मॉडेलजवळ नेऊ नये. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फवारलेल्या लॅकरवर पांढुरकी साय धरते, म्हणून ते काम कोरड्या दिवसासाठी ठेवावं.

नवोदितांनी वीस बाटल्या जमवण्याच्या फंदात पडू नये. एक विमान, त्याचं एक साल, एकाच जातीचे तीन-चार रंग आणि त्याच कंपनीचं थिनर एवढ्यावर पहिलं मॉडेल उत्तम रंगवता येतं. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या मुलांना सोबत घेऊन ते जरूर करून पाहा.